रिळावरचा अंगठा

बॅण्ड पाच जणांचा, कुठल्याही कंपनीशी करार नसलेला. एकाच गाण्यात ऑर्गन, ट्रम्पेट, ड्रम मशीन, उलटी वाजणारी गिटार आणि मध्येच तीन मात्रांचा वॉल्ट्झ. हा पसारा मला मनापासून आवडला होता. पण त्या दिवशी मिक्सला, म्हणजे सगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवायला, बसलो आणि ध्रुवपद काही उभं राहीना. गायिकेला आपला आवाज पाण्याखालून वर येतोय असा हवा होता. आम्ही तिच्या आवाजावर एको वाढवला, मग सगळ्यांवरच वाढवत गेलो. चार तासांनी ऐकलं तर नुसता गाळ.

मी सगळे इफेक्ट काढून टाकले. ड्रम आणि बास कोरडे ठेवले. अशा पसाऱ्याच्या संगीतात एकाला तरंगायचं असेल तर बाकीच्यांनी पाय रोवून उभं राहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. १९६६ साली ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यात बीटल्सनी त्यांच्या गायकाचा, जॉन लेननचा आवाज फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला, पण खाली ड्रमवाल्या रिंगोचा ठेका तसूभर हलत नाही.

आमच्याकडे लेस्ली नव्हता. दोन जुनी टेप मशीन होती. गायिकेचा ट्रॅक दोन्हींवर एकदम सोडला आणि एका रिळाच्या कडेवर अंगठा टेकवला. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, म्हणजे एका मिलिसेकंदाचा फरक पडायला ०.३८ मिलिमीटर पुरतात. एवढ्यानेही आवाजातल्या काही कंपनसंख्या एकमेकींना खोडतात, काही दुणावतात. फरक बदलत राहिला की खोडलेल्या जागा वर-खाली सरकतात. फ्लँजिंग म्हणतात ते हेच.

सुरुवातीला अंगठा जड पडला, सूर उतरला. सातव्या वेळी डोळे मिटून तिच्या श्वासाबरोबर दाब दिला, मग हात दुसऱ्या रिळावर नेला. मागे पडलेलं मशीन पुढच्याला गाठून ओलांडून गेलं. नेमकं शेवटच्या लांब स्वरावर! आवाज पोकळ होत खाली बुडाला, क्षणभर भरून आला आणि पुन्हा उसळून वर गेला. माझ्या अंगावर काटा आला.

कीबोर्डवाल्याने विचारलं, “अजून एकदा करता येईल?” तसंच पुन्हा येणार नाही, हे मला माहीत होतं. गायिका म्हणाली, “दादा, हाच ठेवा.”

शेवटी रीळ सोडताना स्वर किंचित थरथरतो. तोही तसाच ठेवला.