आठ दिवस

"भाऊ लिव्हरनेच गेला, आणि तू नवं लिव्हर मिळून वाचलेल्या माणसाची गाणी ऐकत बसतोस. ऐकवतं कसं तुला?" गेल्या काही वर्षांत हे मला मित्रांनी विचारलं, बायकोने विचारलं, परवा भाचीनेही विचारलं. मी दर वेळी गिटारवर ढकललं. वॉल्टर ट्राउट हा अमेरिकन ब्लूज गिटारवादक, त्याच्यासारखी गिटार दुसरं कोण वाजवतं, असं म्हणून विषय बदलला. आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगतो.

त्याचा 'बॅटल स्कार्स' हा अल्बम २०१५चा. आदल्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या ओमाहा शहरात ट्राउटचं लिव्हर बदललं. हिपॅटायटिस सीने ते पार निकामी झालं होतं. दारू आणि ड्रग्ज तर त्याने १९८७मध्येच सोडली होती. उपचारांसाठी चाहत्यांनी दोन लाख डॉलरच्या वर पैसे गोळा केले. वाचला, पण बोलणं, चालणं, गिटार धरणं, सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. त्या मुक्कामाचीच ही गाणी. 'ओमाहा' हे गाणं तर थेट त्या वॉर्डातलं आहे. तिथे माणसं लिव्हरची वाट बघत पडलेली असतात, आणि काहींची वाट तिथेच संपते.

दादालाही हिपॅटायटिस सी होता. लिव्हर म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न दारूचा. दादाने आयुष्यात थेंब घेतला नाही, हे मी अजून सांगत फिरतो.

२०१६च्या पावसाळ्यात तो ॲडमिट होता. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी. इंग्रजी त्याला फारसं कळायचं नाही. मी एक इअरफोन चादरीला पुसून त्याच्या कानात घातला, दुसरा माझ्या. दोन गाणी झाल्यावर म्हणाला, "हा वाचला ना रे?"

"वाचला."

"मग लाव अजून."

आता तो दिवस. माझ्या लिव्हरचा भाग दादाला देता येईल का, यासाठी माझ्या तपासण्या झाल्या होत्या. रक्तगट जुळला होता, स्कॅन चांगला आला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. उजवा भाग काढायचा, साधारण साठ टक्के. दोन-तीन महिन्यांत लिव्हर बरंचसं भरून येतं. धोका कमी, पण आहे. मग को-ऑर्डिनेटर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची इच्छा नसेल तर घरच्यांना आम्ही वैद्यकीय कारण सांगू. तुमचं नाव पुढे येणार नाही."

टेबलावर फॉर्म होता, त्याच्यावर निळं पेन. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी म्हणालो, "आठ दिवस द्या."

पाचव्या रात्री दादाला रक्ताची उलटी झाली. पहाटे सगळं संपलं. घरात सगळे म्हणाले, वेळच मिळाला नाही. वहिनी आजही तेच म्हणतात. मी कधी खोडलं नाही.

आठ दिवसांनी मी होच म्हणालो असतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आलो. आज छातीठोकपणे म्हणवत नाही. कागदपत्रांतच आठवडा गेला असता, दादा तरीही गेला असता, हेही खरं असेल. पण कागद अडले नव्हते. मी अडलो होतो. आणि घाबरणं हा गुन्हा आहे का? तीन वर्षांचं पोर घरी असताना कोण घाबरणार नाही? हेही मी मनापासूनच लिहितोय.

त्या अल्बमचं शेवटचं गाणं आहे, 'गॉना लिव्ह अगेन'. मलाच का वाचवलंस, असं तो देवाला विचारतो. त्याला लिव्हर देणारा माणूस ते गाणं व्हायच्या आधीच गेलेला. मी मात्र इथे बसून ते ऐकतो, माझं लिव्हर अख्खं पोटात घेऊन.

त्या पाच दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी दादाने विचारलं होतं, "तुझे रिपोर्ट आले का रे?"

"अजून नाही," मी म्हणालो, आणि इअरफोन त्याच्या कानात घातला.