तुम्ही विचारलेत म्हणून : नावाड्याला काय हवे आहे?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, चालवायला नव्याने बसणारे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. खेळाडू कोणाशी तासभर बोलत बसतील आणि कोणाकडे ढुंकूनही पाहणार नाहीत हे आधी कळत नसेल, तर एनपीसींची, म्हणजे गेम मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) वठवायच्या पात्रांची, तयारी करायची तरी किती? माझे उत्तर असे, की पात्राचा पूर्वेतिहास लिहीत बसू नये. त्याला या घडीला काय हवे आहे आणि त्यापायी ते कुठवर जाईल, एवढे मात्र पक्के ठरवून ठेवावे.

समजा, नदीकाठी एक नावाडी आहे. त्याच्या बालपणावर दोन पाने सहज लिहून होतील, आणि प्रत्यक्ष खेळात त्यातली एक ओळही कोणाच्या कानावर पडणार नाही. मी कार्डावर एवढेच लिहितो : ‘केरबा. अंधार पडण्याआधी पैलतीर गाठायचा आहे, मुलगी आजारी आहे आणि औषध तिकडे मिळते. काल रात्री तोंड झाकलेल्या एका माणसाला पलीकडे सोडले. कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला आहे. बोलताना नजर नदीवर.’ आता खेळाडूंनी काहीही करू दे. एकाने पैसे पुढे केले, तर केरबा ते घेईल, पण थांबणार नाही, कारण त्याला पैशाची नव्हे, वेळेची निकड आहे. दुसऱ्याने तलवारीला हात घातला, तर तो नाव पाण्यात ढकलून मोकळा होईल. तिसऱ्याने ‘मी वल्हवतो, तुम्ही बसा’ म्हटले किंवा मुलीवर उपचार करण्याची तयारी दाखवली, तर मात्र दिलेला शब्द आणि लेकीचा जीव यांत त्याला निवड करावी लागेल, आणि तेथून पुढचा प्रसंग मला रचावा लागत नाही. या उत्तरांपैकी एकही मी आधी लिहिलेले नसते. ती सगळी त्या चार ओळींतून निघतात.

फासे टाकून हे ठरवता येत नाही का, असेही कोणी विचारते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच एक खेळ १९७४ साली आला तेव्हा, अवचित समोर आलेल्याची वृत्ती सहा बाजूंच्या दोन फाशांवर ठरवण्याची सोय त्यात होती, आणि ती मला मनापासून आवडते. मात्र दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १६ मध्ये बेरीज ६ ते ८ येते, आणि त्या जुन्या तक्त्यांत याचा अर्थ ‘अनिश्चित’ असा होतो. समोरचा धड मित्र नाही, धड शत्रू नाही. अशा वेळी त्याने करायचे काय, हे त्याच्या गरजेवाचून दुसरे काहीही सांगू शकत नाही.

आकड्यांवर मी फारसा वेळ घालवत नाही. जो लढणारच नाही त्याला पूर्ण आकडेवारी कशाला? याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत सर्वसामान्य माणसाच्या सगळ्या क्षमता १० आणि हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) ४ धरले आहेत. बहुतेकांना तेवढे पुरते.

नावे मात्र आधीच काढून ठेवावीत, आणि त्यांची पहिली अक्षरे वेगवेगळी असावीत, नाही तर तिसऱ्या सत्रापर्यंत केरबा आणि केशव यांची सरमिसळ होते. आवाज बदलणे सर्वांना जमत नाही आणि त्याची गरजही नसते. पात्र खेळाडूंना अरे-तुरे करते की अहो-जाहो, एवढे ठरवले तरी त्याची पायरी लगेच कळते.

माहितीबाबत माझा एक आग्रह आहे. ज्या गोष्टीवाचून कथानक अडेल ती एकट्या केरबाच्या पोटात ठेवू नये. खेळाडू नदीकडे फिरकलेच नाहीत तर सगळे तिथेच ठप्प होईल. अशा गोष्टी मी वेगळ्या कागदावर लिहितो आणि ज्या पात्राशी बोलणे निघेल त्याच्या तोंडी घालतो. फक्त ते पात्र ती आपल्या परीने सांगते : नावाड्याला त्या प्रवाशाचे चिखलाने माखलेले बूट आठवतात, तर धर्मशाळेच्या मालकिणीला त्याने न खाता परत पाठवलेले ताट.

तयारीचा सर्वांत मोलाचा भाग खेळ संपल्यावर येतो, आणि तो बहुतेक जण टाळतात. सगळे उठून गेले की त्याच कार्डाच्या मागे मी लिहून ठेवतो : कोणत्या पात्राने काय वचन दिले, कोण कोणाशी खोटे बोलले, कोणाचा अपमान झाला. खेळाडूंना नियम आठवोत न आठवोत, आपल्याला कोणी फसवले हे त्यांना महिनोन् महिने आठवते, आणि गेम मास्टरच ते विसरला तर त्या जगावरचा त्यांचा विश्वास उडतो. पुढच्या सत्राआधी प्रत्येक कार्डाला मी एकच प्रश्न विचारतो : खेळाडू नसताना या माणसाने मधल्या काळात काय केले असेल? केरबाला औषध मिळाले असेल, तर त्याची गरज बदलली. जुनी ओळ खोडून नवी लिहायची. ज्याची कोणाशीच गाठ पडली नाही, त्याचे कार्ड फाडायचे नाही. नाव आणि गाव बदलून ते पुढच्या वस्तीत लागते.