प्राउडली

भाषांतर करताना अवघड शब्दांची मला भीती वाटत नाही, ते कोशात सापडतात. अडवतात ते सोपे शब्द. परवा एका वाक्यात ‘प्राउडली’ आलं आणि मी तासभर तिथेच बसून राहिलो. ‘प्राउड’ हे विशेषण, त्याला ‘ली’ लागलं की क्रियाविशेषण, अर्थ ‘अभिमानाने’. शाळेत एवढ्यावर मार्क मिळायचे.

पण पोरगी आपण काढलेलं वेडंवाकडं चित्र आईला ‘प्राउडली’ दाखवते, तेव्हा ‘अभिमानाने’ लिहिलं की ती एकदम चाळिशीची वाटायला लागते. ती दाखवते ऐटीत. गलबत बंदरात शिरतं दिमाखात, मोर चालतो डौलात आणि नवा साहेब बोलतो तोऱ्यात. इंग्रजी या सगळ्यांना एकाच शब्दात बसवते. कौतुक की टोमणा, ते वाचकाने ओळखायचं. मराठीत शब्द निवडला की निकाल लागला! कार्यक्रमाच्या जाहिरातीत तर आपण पळवाटच काढली. तिकडे ‘प्राउडली’ सादर करतात, आपण ‘सहर्ष’.

हा दुटप्पीपणा शब्दाच्या रक्तातच असावा. मूळ लॅटिन, अर्थ ‘उपयोगी पडणे’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘शूर’ झाला आणि इंग्रजीत येईतो ‘घमेंडखोर’. फ्रान्सहून इंग्लंड जिंकायला आलेले नॉर्मन सरदार स्वतःला शूर म्हणवत, पण ज्यांच्यावर ते राज्य करायला आले त्यांना ते मुजोर दिसले, असा एक तर्क आहे. खरा असो-नसो, मला पटतो. सोवळेपणाचा आव आणणाऱ्याला इंग्रजीत ‘प्रूड’ म्हणतात, तोही याच घराण्यातला.

आपण तरी कुठे वेगळे? मराठीत अभिमान चांगला आणि गर्वाचं घर खाली. हिंदीत नेमकं उलट: तिथे गर्व मिरवायचा, अभिमान सोडायचा. बंगालीत अभिमान म्हणजे जवळच्या माणसावरचा रुसवा. आणि सांख्य या आपल्या जुन्या दर्शनाच्या पंडितांनी तर अभिमान म्हणजेच अहंकार, असं सूत्रासारखं सांगून ठेवलंय. हल्ली ‘मला गर्व आहे’ असं मराठीत सर्रास ऐकू येतं, तेव्हा समोरचा कबुलीजबाब देतोय की काय, असं मला क्षणभर वाटतं.

राहता राहिला तो ‘ली’. मी त्याला नुसता प्रत्यय समजत होतो, पण त्याचं नातं जुन्या इंग्रजीतल्या ‘देह’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. म्हणजे ‘प्राउडली’त मुळात एक अंग दडलंय. इथे मात्र मराठीचं पारडं जड. ताठ मानेने, छाती काढून, नाक वर करून, मिशीला पीळ देत... अभिमान कुठल्या अवयवात शिरलाय ते आपण नेमकं सांगतो.

माझं अडलेलं वाक्य साधंच होतं. कुणीतरी मदतीचा हात पुढे करतं आणि एक म्हातारी ‘प्राउडली’ नको म्हणते. ‘अभिमानाने’ लिहिलं, खोडलं. ‘गर्वाने’ लिहिलं असतं तर म्हातारीने मला माफ केलं नसतं. ‘ताठ्याने’ रात्रभर राहिलं, सकाळी तेही टोचलं. शेवटी क्रियाविशेषणच काढून टाकलं आणि लिहिलं: ‘म्हातारीने पाठ सरळ केली आणि नको म्हणाली.’