फाब्रियानोचा कागद आणि त्यातला सरस

रोममधले दिवस रांगांत गेले, त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते रोम-अँकोना रेल्वेमार्गावरच्या फाब्रियानो या इटालियन गावाबद्दल. जलरंगात काम करणाऱ्यांना हे नाव कागदाच्या गठ्ठ्यांवरून पाठ असतं. इथल्या सान दोमेनिकोच्या जुन्या मठात कागद आणि जलचिन्हांचं, म्हणजे उजेडाकडे धरल्यावर कागदात दिसणाऱ्या खुणांचं, संग्रहालय आहे. पर्यटकांचा घोळका जलचिन्हांपाशी फोटो काढत रेंगाळतो आणि कागदाला लावायच्या सरसाचा, म्हणजे कातड्यापासून काढलेल्या चिकट पदार्थाचा, विषय अर्ध्या मिनिटात उरकतो, याचा मला मनापासून राग आला. चित्रकाराच्या दृष्टीने फाब्रियानोची सगळ्यात मोठी देणगी सरसच आहे.

अरबांकडून आलेल्या कागदाला पिष्टाची खळ दिलेली असे. दमट हवेत तिला बुरशी लागायची. कागद टिकत नाही म्हणून १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीच्या राज्यात सरकारी दस्तऐवजांसाठी तो वापरायला बंदी घातली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फाब्रियानोच्या कारागिरांनी खळ सोडली आणि चामड्याच्या कातरणांतून काढलेला सरस धरला.

त्याआधीचं काम लगद्याचं. लिनन आणि हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या तंतूंच्या) चिंध्या निवडायच्या, कुजवायच्या, मग पाणचक्कीवर चालणाऱ्या हातोड्यांखाली कुटायच्या. पहिल्या कुंडातल्या हातोड्यांना टोकदार खिळे असतात, ते चिंधी फाडतात. दुसऱ्यातल्या खिळ्यांची डोकी चपटी, ती तंतू चेचून मऊ करतात. तिसऱ्यात नुसतं लाकूड, ते लगदा सारखा करतं. कुटणं कमी पडलं तर तावात गाठी राहतात. जास्त झालं तर लगद्यातून पाणी निथळत नाही आणि ताव वाळताना आक्रसतो.

जाळीचा साचा लगद्याच्या हौदात बुडवून आडवा वर काढायचा आणि पाणी निथळत असतानाच पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवायचा, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. क्षणभर उशीर झाला की तंतू जागीच बसतात आणि ताव एका दिशेने सहज फाटतो. साच्यावरची सुटी चौकट उचलताना एक थेंब जरी ओल्या तावावर पडला, तरी तिथे कायमचा पातळ डाग राहतो. मग ताव लोकरी नमद्यावर उलटायचा. साच्याची एक कड टेकवून तो लोळवत न्यावा लागतो. सपाट आदळला तर खाली हवा कोंडून फुगे येतात. पुढे दाब देऊन पाणी काढायचं आणि माळ्यावर दोऱ्यांवर वाळवायचं.

असा वाळलेला ताव म्हणजे टीपकागदच. रंग टेकवताच आत शोषला जातो. म्हणून तावांची जुडी कोमट, पातळ सरसात बुडवून, जादा सरस दाबून काढून पुन्हा वाळत घालतात. सरस दाट झाला तर ताव कडक होऊन घडीवर तडकतो. फार गरम असेल तर ओले ताव फाटतात. उन्हाळ्यात सरस नासतो, म्हणून त्यात तुरटी घालायची पद्धत पडली. वाळवण्याची घाई केली तर थर असमान बसतो आणि आकाशाच्या रंगाचा सपाट हात देताना ठिपके उमटतात.

आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातले कागद बनवणारे कारागीर तावांना खळ देऊन ते दगडाने घोटत. बोरूने मोडी लिहायला तो गुळगुळीतपणा उत्तम. पण भिजलेल्या कुंचल्याने रंगाचे हातावर हात दिले की खळ मऊ पडते आणि तंतू उठतात. सरसाने बांधलेल्या तावावर रंग वर थांबतो, ओल्या कुंचल्याने परत उचलता येतो, खरवडून पांढरं काढता येतं. सगळं पाश्चात्त्य जलरंगतंत्र या गुणावर उभं आहे.

जलचिन्हाचं कौतुक मलाही आहे. जाळीवर तार शिवली की तिथे लगदा पातळ बसतो आणि उजेड आरपार येतो, इतकी साधी ही युक्ती. प्रसिद्ध मुद्रक बोदोनी हा १७८२ मध्ये इथे गिरणी सुरू करणाऱ्या पिएत्रो मिलियानीच्या कागदाचा गिऱ्हाईक होता. पण जलचिन्ह कागद कुणाचा ते सांगतं, रंग कसा बसेल ते नाही.

तेव्हा विकत घेताना ताव उजेडाकडे धरून थांबू नका. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. तो फुगीर उभा राहून हळूहळू पसरला तर कागद घ्या. लगेच मुरून मागे ओल दिसली, तर नाव कितीही जुनं असो, तो ताव पेन्सिलीच्या कामाला ठेवा.