बुडालेल्या रोजाचं भांडण

मँचेस्टरला मी गेले ती क्रिकेटसाठी. जुलै २०२५ मधली ओल्ड ट्रॅफर्डची कसोटी २३ तारखेला सुरू होणार होती आणि माझा आतेभाऊ गेली बारा वर्षं तिथेच राहतो, म्हणून दोन दिवस आधीच जाऊन पोचले. सकाळी त्याच्याकडे चहा घेताना पेपर उघडला तर क्रीडापानांवर रग्बीच रग्बी. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता, पहिली कसोटी नुकतीच जिंकला होता. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडे टोमॅटोला पाणी घालत होते. ओळख काढायची म्हणून मी विचारलं, "तुम्ही बघता का रग्बी?"

त्यांनी झारी खाली ठेवली. "कुठली?"

मी पुन्हा म्हणाले, "रग्बी."

"हो, पण कुठली? मी विगनचा, इथून जवळच्या गावचा. आमच्याकडे रग्बी म्हणजे लीग. तुमच्या हातातल्या पेपरात रग्बी म्हणजे युनियन." मग कुंपणावरून हात लांबवून त्यांनी पेपर घेतला, पानं उलटली आणि शेवटून दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यातला बोटभर मजकूर दाखवला. आदल्या शनिवार-रविवारचे लीगचे सगळे सामने तेवढ्या जागेत बसवले होते.

आजोबा निवृत्त खाणकामगार, वय चौऱ्याहत्तर. मला खेळातलं काही कळतंय असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच बेत ठरवून टाकला. "उद्या हडर्सफील्डला जाऊन या. शनिवारी विगनला मी नेतो."

हडर्सफील्ड मँचेस्टरहून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. स्टेशनच्या दर्शनी भागाला एखाद्या ग्रीक देवळासारखे उंच दगडी खांब. समोरच्या चौकात पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचा पुतळा आणि बाजूलाच जॉर्ज हॉटेल. ते २०१३ मध्येच बंद झालेलं. मी गेले तेव्हा आत जाता येत नव्हतं, म्हणून फूटपाथवरच उभी राहिले. २९ ऑगस्ट १८९५ रोजी याच इमारतीत यॉर्कशर-लँकेशरच्या क्लबांची बैठक झाली. बावीस क्लबांनी लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनशी संबंध तोडून 'नॉर्दर्न युनियन' काढली. तीच पुढे १९२२ मध्ये रग्बी फुटबॉल लीग झाली, म्हणजे आजोबांची 'लीग'. जुन्या संघटनेचा खेळ तो 'युनियन'.

भांडण कशावरून? शनिवारच्या पगारावरून. लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्या, कोळशाच्या खाणी शनिवारी अर्धा दिवस चालत. परगावी सामना असला की खेळाडूला काम सोडून जावं लागे आणि तेवढी मजुरी बुडे. उत्तरेचे क्लब म्हणत होते, ही बुडालेली मजुरी तरी भरून द्या. 'ब्रोकन टाइम' असं त्याला नाव होतं. १८९३ मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळाचे पैसे घेणं हलकं, सभ्य गृहस्थ हौसेसाठी खेळतो, असं दक्षिणेचं म्हणणं. फुटून निघाल्यावर उत्तरेने भरपाई ठरवली ती दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग.

या भांडणाबद्दल वाचलं तेव्हाच माझ्या मनात एक शब्द आला होता: खाडा. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत बदली कामगार होते. खाडा पडला की रोज बुडाला, आणि रोज बुडाला की वाण्याची उधारी वाढली, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. गिरणगावातली कबड्डी याच लोकांनी वाढवली आणि चांगला चढाईपटू असला की गिरणी त्याला नोकरी देई. माझ्या आजोबांना कोणी सांगितलं असतं की तुमच्या बुडालेल्या रोजाचे पैसे मागणं हा खेळाचा अपमान आहे, तर ते काय बोलले असते हे मला नक्की ठाऊक आहे. म्हणून मी या भांडणात तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुढे दोन्ही खेळ वेगळे होत गेले. लीगने १८९७ मध्ये लाइन-आउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकून खेळ सुरू करायची पद्धत, काढून टाकला, १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले. युनियनमध्ये पकड झाली की चेंडूसाठी गर्दीत झुंज चालू राहते. लीगमध्ये पकड झाली की खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे जातो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवल्याचे, गुण युनियनमध्ये पाच, लीगमध्ये चार. पण नियमांवरून कोणी शंभर वर्षं अबोला धरत नाही. युनियनने दार बंद केलं, ते खरं दुखणं. लीग खेळलेल्या माणसाला युनियनमध्ये जन्मभर मज्जाव होता, त्याने एक पैसाही घेतला नसला तरी. हौशी खेळाडूंसाठी हे बंधन सुटायला १९८७ साल उजाडलं. शेजारच्या आजोबांचा धाकटा भाऊ १९७९ मध्ये नोकरीसाठी दक्षिणेत गेला. तिथल्या एका क्लबात दोन आठवडे सराव केला. मग तो गावी लीग खेळायचा हे कळलं आणि त्याला परत पाठवलं. "जोडे हातात घेऊन चालत घरी आला तो," असं आजोबा म्हणाले. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

दुसरी बाजूही ऐकली. शुक्रवारी भावाकडे त्याचा एक सहकारी जेवायला आला होता, ग्लॉस्टरचा, युनियनचा पक्का चाहता. लीग त्याला एकसुरी वाटते, पाच धडका आणि एक किक. तो म्हणाला, स्क्रममध्ये, म्हणजे खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात त्यात, ढेरपोट्यालाही जागा आहे आणि ताडमाडालाही. आणि युनियन म्हणजे श्रीमंतांचा खेळ, हे त्याला मुळीच मान्य नव्हतं. त्याचं खरं आहे. ग्लॉस्टरमध्ये, आणि त्याहून जास्त वेल्सच्या खोऱ्यांमध्ये, युनियन खाणकामगार आणि पोलाद कारखान्यातल्या कामगारांनीच खेळली. तिथे बुटात गुपचूप पैसे ठेवायची पद्धत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. "पैसे आम्हीही घेत होतो, फक्त बोलत नव्हतो," तो म्हणाला. मला वाटतं, उत्तरेच्या लोकांना सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

शनिवारी कसोटीचा चौथा दिवस. माझं तिकीट भावाच्या मित्राला दिलं आणि आजोबांबरोबर विगनची गाडी धरली. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवीत एक जाडजूड वही होती.

आधी त्यांनी बिली बॉस्टनच्या पुतळ्यापाशी नेलं. बॉस्टन कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला, बंदरावरच्या मिश्र वस्तीत वाढलेला. गोरा नसल्यामुळे वेल्सच्या युनियन संघात आपल्याला जागा मिळणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. १९५३ मध्ये विगनच्या लीग क्लबने त्याला घेतलं आणि त्याने विगनसाठी ४७८ ट्राय केले. जून २०२५ मध्ये, नव्वदीच्या वयात, त्याला 'सर' किताब मिळाला. मी तिथे पोचायच्या जेमतेम सहा आठवडे आधी. लीगच्या खेळाडूला हा किताब मिळण्याची ही पहिलीच वेळ. १८९५ पासून १३० वर्षं! युनियनवाल्यांमध्ये क्लाइव्ह वुडवर्ड, बिल बोमाँट, गॅरेथ एडवर्ड्स असे 'सर' कधीचे आहेत. आजोबांनी पुतळ्याच्या पायाला हात लावला, आपण उंबऱ्याला लावतो तसा.

अकरा वाजता एका पबमध्ये लायन्सची मेलबर्नची दुसरी कसोटी लागणार होती. विगनमध्ये युनियनचा सामना बघायला एवढी माणसं कशी, याचं मला नवल वाटलं. उत्तर पडद्यावरच होतं. लायन्सचा प्रशिक्षक अँडी फॅरल. सोळाव्या वर्षी विगनसाठी उतरलेला, विगनचा कर्णधार, २००५ मध्ये युनियनकडे गेलेला. आणि राखीव खेळाडूंमध्ये त्याचा मुलगा ओवेन, विगनलाच जन्मलेला. माझ्या शेजारी बसलेली बाई सारखी म्हणत होती, "हे किक अँड क्लॅप मला आवडत नाही," कारण युनियनमध्ये म्हणे नुसतं लाथा मारायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. पण नजर तिने पडद्यावरून हलवली नाही. ऑस्ट्रेलिया २३-५ असा पुढे गेला, लायन्स भरून काढत आले आणि शेवटच्या क्षणी ह्यूगो कीननच्या ट्रायने २९-२६ असे जिंकले. सगळा पब उभा राहिला. "आपला पोरगा," आजोबा हळूच म्हणाले. मग जरा थांबून, "उद्याच्या पेपरात बघा, विगनचं नाव किती येतं ते."

मध्यंतरात त्यांनी वही उघडली होती. वर्षानुवर्षं कात्री चालवून चिकटवलेली कात्रणं, शेजारी पेन्सिलीने तारखा. त्यांची टीव्हीची पहिली आठवण १९६५ ची. बीबीसी टू नवीन होती, तिचे प्रमुख होते डेव्हिड ॲटनबरो, आपण प्राण्यांच्या माहितीपटांमुळे ओळखतो तेच. त्यांच्या काळात मंगळवारी संध्याकाळी प्रकाशझोतातली लीगची स्पर्धा सुरू झाली आणि चौदा वर्षांचे आजोबा शेजाऱ्यांच्या घरी जमिनीवर बसून ती बघायचे. पण बीबीसीचा समालोचक एडी वेअरिंग यांच्यावर अजूनही गावात दोन तट आहेत. ड्यूसबरीचा हा माणूस देशभर लाडका होता. उत्तरेतल्या अनेकांना मात्र वाटे की त्यांच्या गमतीदार बोलण्यामुळे लंडनच्या लोकांना आपला खेळ म्हणजे विदूषकी वाटतो. मग आजोबांनी १९६८ च्या चॅलेंज कप या लीगच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याचं पान काढलं. वेम्बलीवर पाणी साचलेलं, लीड्स ११-१० पुढे, आणि शेवटच्या मिनिटाला वेकफील्डच्या डॉन फॉक्सची समोरून मारायची सोपी किक हुकली. वेअरिंग म्हणाले, "बिचारा पोर." आजोबा म्हणाले, "त्या दोन शब्दांसाठी मी त्याला सगळं माफ केलं."

१९९५ च्या पानांवर कात्रणं दाटीवाटीने होती. त्या वसंतात माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकच्या टीव्हीचा पैसा लीगमध्ये आला. बदल्यात हिवाळ्यातला खेळ उन्हाळ्यात न्यायचा आणि शेजारशेजारच्या गावांचे क्लब एकत्र करायचे. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टोन मिळून एक क्लब, ही कल्पना ऐकून लोक रस्त्यावर आले आणि विलीनीकरण बारगळलं. जूनमध्ये त्याच मर्डॉकच्या कंपनीने दक्षिण गोलार्धातल्या युनियनचे प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ५५ कोटी डॉलरना घेतले. आणि ऑगस्टच्या शेवटी, जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला दोन-तीन दिवस उरले असताना, युनियनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली. सहा शिलिंगांसाठी ज्यांना वाळीत टाकलं त्यांची माफी मागितल्याचं एकही कात्रण वहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी विगन आणि युनियनमधला बाथ हा क्लब एकमेकांशी दोन्ही नियमांनी खेळले. लीगच्या नियमांनी विगन ८२-६, युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९. दोन्ही बाजूंचे चाहते आजही आपापला आकडा सांगतात. विगनवाले दोन आकड्यांतला फरक मोजायला सांगतात.

दुपारी गावाबाहेरच्या एका हौशी क्लबच्या मैदानावर गेलो. खिडकीतून एका बाईने चीज-कांद्याचा 'पाय' (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला) मऊ पावात घालून हातात दिला. पावात पाय! विगनचा हा वडापावच म्हणायचा. फोनवर बघितलं तर भारताचे शून्यावर दोन बाद. फोन पिशवीत टाकला.

मैदानाला कठड्याची दोरी तेवढी. खेळाडू इतक्या जवळ की श्वास ऐकू येत होते. मी शाळेत कबड्डी खेळलेली, त्यामुळे मला पहिल्या पाच मिनिटांतच खेळ लागला. चेंडूवाला चढाईला आल्यासारखा येतो, तिघं मिळून कमरेला, मांडीला आणि छातीला पकडतात. पडला की सोडायचं, मागे सरायचं, पुन्हा उभं राहायचं. आजोबांबरोबर मीही मोठ्याने मोजायला लागले, तीन... चार... पाच... आणि माझं मोजणं मराठीत चाललंय हे मला त्यांच्या नातवाने सांगितलं. चेंडूवाल्याला घेरताना डावीकडचा पोरगा उगाच आत शिरला आणि कोपरा मोकळा सोडला, तेव्हा मी "कोपरा धर!" असं ओरडले. त्याला काय कळलं कोण जाणे, पण पुढच्या वेळी त्याने कोपरा सोडला नाही.

या सामन्याला कुठला वार्ताहर नव्हता. गुण एका शाळकरी मुलीने वहीत टिपले.

परतताना गाडीत मी आजोबांना विचारलं की बीबीसी हल्ली सुपर लीगचे, म्हणजे लीगच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेचे, काही सामने फुकट दाखवते, पेपर आता कोण वाचतं, मग बोटभर बातमीचं एवढं का वाटतं? ते बराच वेळ बाहेर बघत होते. मग म्हणाले, "माझे वडील खाणीत होते. शनिवारी खेळायचे. सोमवारी पेपरात नाव आलं की वर आल्यावर आई तो तुकडा दाखवायची. काळ्या हातांनी धरता येत नसे, म्हणून ती धरून उभी राहायची." वहीचं पहिलं पान त्यांनी मला दाखवलं. पिवळा पडलेला, दोन ओळींचा कागद. त्यातलं आडनाव त्यांचंच होतं.

दोन दिवसांनी, सोमवारी, पिकॅडिली स्टेशनवर मी दोन पेपर घेतले. लंडनच्या पेपरात लायन्सच्या विजयाची पानंच्या पानं होती. फॅरल आयर्लंडचा प्रशिक्षक म्हणून होता, त्याचं डावपेचांचं डोकं होतं, बापलेकांचं नातं होतं. मी वाचलेल्या मुख्य लेखात विगन हा शब्द एकदा आला. दुसरं लीगचं साप्ताहिक, दर सोमवारी निघणारं. त्यात खालच्या खालच्या पातळीपर्यंतचे सामने बारीक अक्षरांत होते. डोळे ताणून शोधलं तर आमच्या शनिवारच्या सामन्याचीही एक ओळ सापडली. ती मी कापून घेतली.

निघताना आजोबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की यावर मराठीत लिहीन आणि छापून त्यांना पाठवीन. वहीत अजून नऊ कोरी पानं आहेत म्हणाले. हा मजकूर दोन पानांत बसेल, असा बारीक टाइप निवडलाय. ते एका ओळीचं कात्रण सोबत ठेवलंय. पाकिटावर पत्ता लिहून झाला, उद्या टपालात टाकते.