आमची वाटचाल : चित्राखालचं नाव

चित्रकारांना काम मिळवून देणारे म्हटलं की लोक सरळ दलाल समजतात. आम्ही दलाली कधी केली नाही. चित्र छापून हातात येईपर्यंत त्याला कुठे कुठे धक्का लागतो हे आम्हाला कळतं, आणि तो लागू न देणं हा आमचा धंदा आहे.

सुरुवात दोघांची. मी मांडणीतला, भागीदार छापाचित्रकार. काचेवर रोलर फिरवताना ती कान देऊन ऐकायची. चिकट चरचर आली तर शाई जास्त झाली. बारीक, एकसारखी सळसळ आली की छापायला घ्यायचं. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरलेल्या रेषेची कड थोडी दातेरी राहते, ती तशीच ठेवायची हेही तिनंच शिकवलं. नव्या डिझायनरांना माझं सांगणं आहे : स्कॅन झाल्या झाल्या व्हेक्टर करून, म्हणजे संगणकावर गुळगुळीत रेषांत बदलून, कडा साफ करू नका. तिथला हात निघून जातो आणि उरतो नुसता आकार.

रंगाचंही तसंच. कागदावरचा झळाळता अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, चार रंगांच्या छपाईत जांभळट, मलूल होतो. ‘थोडा निळा वाढवा’ म्हणून तो येत नाही, वेगळी मिसळलेली पाचवी शाई घ्यावी लागते. पँटोन कंपनीची १९६३ पासूनची क्रमांकवार रंगपद्धत अशाच वेळी कामी येते. आणि प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, खिडकीशी धरून पास करू नका, ५००० केल्विनच्या (छपाईसाठी ठरलेल्या पांढऱ्या प्रकाशाच्या) दिव्याखाली मूळ चित्राच्या शेजारी ठेवून बघा.

आता आमची चित्रं उचलली गेली त्या प्रकरणाबद्दल. एका मोठ्या ग्राहकानं पॅकेजिंगच्या अख्ख्या मालिकेसाठी चित्रं मागितली. आमच्याकडच्या एका तरुण चित्रकर्तीनं पक्षी आणि पानं कोरली. तिचं आगाऊ मानधन आम्ही आमच्या खिशातून दिलं. चित्रकाराला थांबवून ठेवायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नियम. नमुने, रंगांचे पर्याय, मशीन प्रूफ, सगळं गेलं. मग फोन बंद, मेलला उत्तर नाही.

काही महिन्यांनी माल बाजारात आला. पक्षी तेच, फक्त तोंडं उलट्या दिशेला. काम आमच्या प्रतिस्पर्धी एजन्सीच्या नावावर. भागीदारानं भिंग लावून पाहिलं. कोरताना हत्यार घसरून एका शेपटीत आडवा ओरखडा उठला होता, चित्रकर्तीनं तो मुद्दाम ठेवला होता. त्यांनी तोही गिरवला होता, नक्षी समजून! विचारलं तर उत्तर आलं, ‘प्रेरणा घेतली.’ पुढे त्याच पॅकेजिंगला पुरस्कारही मिळाला.

आमच्याकडे छापखान्याची बिलं थकली, पगार लांबले, मोठा स्कॅनर विकावा लागला. भागीदारानं स्वतःची बचत घातली. टाळं लागायचं राहिलं ते वह्या बनवणाऱ्या आमच्या जुन्या ग्राहकामुळे. त्यांनी पुढच्या हंगामाच्या मुखपृष्ठांचे पैसे आधीच दिले. अट एकच घातली : ‘प्रत्येक वहीवर चित्रकाराचं नाव आलं पाहिजे, नाहीतर मी छापणार नाही.’ असा ग्राहक मिळायला भाग्य लागतं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

चित्रकारांनो, करार वाचल्याशिवाय सही करू नका. ‘सर्व हक्क’ हे शब्द दिसले की थांबा. चित्र कशावर, किती काळ, कुठल्या प्रदेशात वापरायचं तेवढाच परवाना द्या. काम मध्येच रद्द झालं तर किती मानधन मिळेल, तेही लिहून घ्या. हक्क विकले तरी आपलं नाव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो, हे तत्त्व १८८६ च्या बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ साली घातलं गेलं. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं १८९१ मध्ये पॅरिसच्या मूलाँ रूज या नृत्यगृहाची जाहिरात केली, तीवरही त्याची सही आहे. जाहिरातीत चित्रकाराचं नाव शोभत नाही असं सांगणाऱ्यांना ती दाखवा.

ते पक्षी आजही त्या एजन्सीच्या निवडक कामांत झळकतात. चित्रकर्तीचं नाव तिथे नाही. आम्ही दरवर्षी पत्र पाठवतो, सोबत मूळ छापाची प्रत आणि तिच्या सहीची तारीख. यंदाचंही पाठवलं आहे.