खुर्ची खाली किती येते?

आकाश बघायला बसण्यासाठी खुर्ची घेताना लोक ती वर किती जाते ते विचारतात. कोकणात राहणाऱ्याने आधी विचारावं, खाली किती येते?

कारण सरळ आहे. आमचं देवगड साधारण १६.४ अंश उत्तर अक्षांशावर. दक्षिणेचं जे आकाश उत्तर हिंदुस्थानात क्षितिजाच्या धुरकटात हरवतं, ते आपल्याला चांगलं मिळतं. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दिल्लीहून जेमतेम १४ अंश चढतो, आमच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, २६ अंश. त्याहून दक्षिणेचा एटा कॅरिनी तेजोमेघसुद्धा १४ अंशांवर येतो. हे दोन्ही बघितल्याशिवाय माझा उन्हाळा जात नाही. पण आकाशात खाली असलेली वस्तू बघायची म्हणजे माझ्या दुर्बिणीचा आयपीसही (डोळा लावायचं भिंग) खाली येतो, आणि त्याच्यामागून मला खाली यावं लागतं.

माझी दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, आयपीस नळीच्या वरच्या टोकाला. आरशाचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. नळी ज्या आसावर वरखाली होते तो जमिनीपासून ५८ सेंटीमीटरवर, आणि तिथून आयपीस सुमारे ६० सेंटीमीटर दूर. शिवणाची टेप घेऊन मी सगळी मापं काढली. नळी डोक्यावर सरळ उभी असताना आयपीस ११८ सेंटीमीटरवर असतो. मृगातला तेजोमेघ मध्यावर आला की ११३ ते ११४. ओमेगा सेंटॉरीला ८४. एटा कॅरिनीला ७२ ते ७३. माझी उंची पाच फूट दोन इंच. मान जराशी झुकवून बसले तर बैठकीपासून डोळा ६५ सेंटीमीटरवर येतो. आता वजाबाकी करा. मृगासाठी मला ४८ सेंटीमीटर उंच बैठक हवी, ओमेगासाठी १९. घरातली साधी खुर्ची ४५ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणजे मृगाला ती कशीबशी चालेल. पण तिच्यावर बसून ओमेगा बघायचा तर कमरेतून पार दुमडावं लागेल. आणि एटा कॅरिनीला कुठलीच खुर्ची पुरत नाही, तिथे सरळ देवघरातला पाट.

तुमची मापं वेगळी येतील, पण टेप लावल्याशिवाय पैसे खर्च करू नका. पुतण्याकडे भिंगाची छोटी दुर्बीण आहे. तिचं सगळं उलटं: आयपीस नळीच्या खालच्या टोकाला, त्यामुळे डोक्यावरचं बघताना तो सगळ्यात खाली येतो आणि क्षितिजाजवळचं बघताना वर जातो. मोठ्या भिंगाच्या दुर्बिणींना हा प्रश्न इतका छळायचा की कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत आणि नंतर यर्कीसमध्ये घुमटाखालची अख्खी जमीनच वरखाली होणारी बांधली. आपल्याला निदान एवढं नको, एक फळी सरकली तरी भागतं.

बसून बघितल्याने खरंच जास्त दिसतं का, असं मला विचारतात. दिसतं. नुसत्या आरामाची ही बाब नाही. ६ मिलिमीटरचा आयपीस लावला की माझ्या दुर्बिणीत २०० पट मोठं दिसतं, पण आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका फक्त १ मिलिमीटर जाड उरते. ती आपल्या बुबुळात पडायला हवी. उभं राहून वाकलेल्या माणसाचं डोकं श्वासाबरोबरसुद्धा १ मिलिमीटरपेक्षा जास्त हलतं. मग गुरू दिसतो, जातो, पुन्हा दिसतो, आणि त्याच्या पट्ट्यांमधली बारीक नक्षी डोळ्यात ठरतच नाही. हवा स्थिर होण्याचे क्षण आधीच थोडे असतात. नेमक्या त्या क्षणी डोळा जागेवर हवा, आणि तो जागेवर ठेवायला आधी कंबर जागेवर हवी. फिकट वस्तूंचंही तेच. तेजोमेघाच्या कडेला नजर ठेवून तिरक्या नजरेने तो टिपायचा तर मान मोकळी लागते. ताठलेल्या मानेने ते होत नाही.

त्यात डॉब्सोनियनला मोटर नाही. २०० पटीला साध्या आयपीसमधून आकाशाचा पाव अंश दिसतो आणि पृथ्वी फिरते म्हणून खविषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातला) तारा एका मिनिटात या टोकाकडून त्या टोकाला निघून जातो. म्हणजे एक हात सतत नळीवर, हळूहळू ढकलत. अशा वेळी चाकांची खुर्ची कुचकामी. नळी ढकलली की आपणच मागे सरकतो. ऑफिसातली गॅसवर वरखाली होणारी खुर्ची पुरेशी खाली येत नाही, शिवाय खाऱ्या हवेत तिचा दांडा लवकर गंजून अडकतो. वाद्यांच्या दुकानात मिळणारं ड्रमवाल्यांचं गोल स्टूल भक्कम असतं, पण तेही मुळात उंच. फिरवून वर जाणारं जुनं लोखंडी स्टूल आवडलं होतं, मात्र दोन इंच वर जायला उठून बरेच फेरे द्यायचे, आणि अंधारात बसल्याजागी ते जमत नाही.

हे बसल्याजागी जमणं फार महत्त्वाचं आहे. पूर्वेला उगवून ३० अंशांवर आलेली वस्तू तासाभरात ४५ अंशांच्या जवळ पोचते, आणि तेवढ्यात माझा आयपीस १२ सेंटीमीटर वर चढतो. म्हणजे एकच वस्तू तासभर बघायची तरी बैठक चारपाचदा हलवायची. ज्या खुर्चीला लांबलांब खाचा आहेत तिच्यात दर वेळी एकतर मान वाकते नाहीतर ताणते.

शेवटी मी अमेरिकेतल्या हौशी मंडळींमध्ये रूढ झालेल्या डेन्व्हर पद्धतीची खुर्ची आमच्या वाडीतल्या सुतारदादांकडून करून घेतली. दिसायला घडीच्या शिडीसारखी. दोन तिरके उभे (उभ्या लाकडी पट्ट्या), आणि त्यांच्यावर सरकणारी बैठक. बैठकीच्या मागच्या अंगाला दोन आडव्या दांड्या: एक उभ्यांच्या मागून, वरच्या बाजूला, दुसरी उभ्यांच्या पुढून, जरा खाली. बैठकीवर वजन पडलं की ती पुढे झुकू बघते. मग वरची दांडी मागून आणि खालची पुढून उभ्यांना आवळून धरते. जितकं वजन जास्त, तितकी पकड घट्ट. हलवायची असेल तर बूड जरा उचलायचं, बैठकीची पुढची कड वर करायची, पकड सुटते, हवं तिथे सरकवायची. खाच नाही, खिट्टी नाही.

दादांनी चित्र बघितलं, उलटंसुलटं केलं आणि एकच विचारलं, "वैनी, वजन खंय पडतला ता सांगा." मला तो प्रश्न फार आवडला, कारण या खुर्चीचं सगळं मर्म तेच आहे. वजन दांड्यांच्या पुढे पडलं पाहिजे. माणूस फार मागे सरकून बसला तर पकड ढिली होते. म्हणून बैठक खोलीला जेमतेम फूटभर ठेवली, आणि पुढे अगदी किंचित उतार दिला.

लाकूड फणसाचं. सागवान उत्तमच, पण आगरातला पडलेला फणस कापून ठेवलेला होता आणि फणस आमच्या हवेत टिकतो हे घरातल्या जुन्या कपाटांवरून माहीत आहे. बाकी सगळ्याला जवसाचं तेल दिलं, मात्र उभ्यांना थेंबभरही नाही. तिथे तेल किंवा पॉलिश गेलं की पकडच संपली. उलट मागून-पुढून दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे असं दव पडतं की नुसतं लाकूड ओलं होऊन बैठक घसरायला लागेल. रबर ओल्यातही धरतं, तरी बसण्याआधी मी फडक्याने एक हात फिरवतेच. स्क्रू पितळी, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ सगळीकडे मिळतं, पण समुद्राच्या मिठापुढे ३१६ जास्त टिकतं, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो म्हणून. किमतीतला फरक मूठभर बोल्टांत जाणवत नाही. गादी काथ्याची, वर जाड सुती खोळ. रेक्झिन दवाने गारढोण होतं.

एक गोष्ट दादांच्या डोक्यातून आली. बैठक ५० च्या वर गेली की माझे पाय लोंबकळतात आणि लोंबकळत्या पायांनी माणूस स्थिर बसत नाही. त्यांनी पुढच्या पायांना जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर एक आडवी पट्टी मारून दिली. पाय तिच्यावर टेकले की सगळं अंग शांत होतं. उंच खुर्ची घेणाऱ्या प्रत्येकाने ही पट्टी मागावीच, विशेषतः बायकांनी. बाजारातल्या बहुतेक खुर्च्या उंच माणसाच्या अंदाजाने केलेल्या वाटतात.

सड्यावर खाली बसण्याबद्दल एक सांगायलाच हवं. कातळावर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो बहुतकरून रात्री फिरतो. बैठक १९ सेंटीमीटरवर आहे म्हणजे आपण जवळजवळ जमिनीवरच आहोत. पायात बूट हवेत, चप्पल नाही. खुर्ची मांडण्याआधी आणि दर वेळी उठल्यावर पुन्हा बसण्याआधी लाल टॉर्चने खाली बघायचं. लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत, पण बिघडले तरी चालतील, बघायचं. पुळणीवर बसणार असाल तर वेगळी अडचण: खुर्चीचे पाय वाळूत रुततात, तेही एका बाजूला जास्त. तिथे पायांखाली सलग फळी टाकावी. शेणाने सारवलेल्या खळ्यातही तेच करावं, नाहीतर सारवण उखडतं आणि घरात बोलणी बसतात.

एप्रिलच्या शेवटी ओमेगा सेंटॉरी रात्री साडेअकराच्या सुमारास दक्षिणेला सगळ्यात वर असतो, मेच्या मध्यावर साडेदहाला. हेच आमचे आंब्याचे दिवस. पेट्या भरून, पोचत्या करून सड्यावर जाईपर्यंत दिवसभर उभं राहून कंबर बोलत असते. अशा वेळी नीट बसता आलं तर त्या धूसर गोळ्याचे तारे कडेपासून मध्यापर्यंत एकेक सुटे होत जाताना बघत राहता येतं. तो सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, आणि आठ इंचांतून सावकाश बघणाऱ्यालाच तो उलगडतो.

खुर्ची घडी होऊन स्कूटरवर पायांपाशी मावते. पावसाळ्यात ती माळ्यावर, आडवी, चार बाजूंनी हवा लागेल अशी. लाकूड फुगून बैठक अडकू लागते, म्हणून गणपती झाले की ती खाली काढायची, आठवडाभर सावलीत वाळवायची, बोल्ट आवळायचे आणि ट्यूबच्या पट्ट्या बदलायच्या. पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब मिळते, त्यातला न गळलेला, जाड भाग मागून घ्यावा.